सिस्टरचा अंगठा

एंडोस्कोपीच्या खोलीत डॉक्टरांच्या उजव्या हाताला सिस्टर एकवीस वर्षं उभी राहिली. तेवढ्या काळात खोलीतला पडदा तीनदा बदलला, मशीन दोनदा बदललं, डॉक्टरांचे केस निम्मे गेले आणि उरलेले पांढरे झाले. सिस्टर मात्र तीच राहिली.

काम दोघांचं होतं. डॉक्टरांच्या हातात दुर्बीण आणि पायाखाली मशीनची पेडलं. सिस्टरच्या हातात प्लास्टिकचा एक दांडा, आणि त्या दांड्याला जोडलेल्या, दुर्बिणीतून आत गेलेल्या लांब नळीच्या टोकाशी तारेचा बारीक फास. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कुठे मांसाचा कोंब उगवलेला दिसला की डॉक्टर फास त्याच्यावर टाकायचे. दांड्याच्या कडीत अंगठा अडकवून सिस्टर दोन बोटांनी त्यावरची सरकती मूठ मागे ओढायची आणि फास आवळायची. मग डॉक्टर पेडल दाबायचे. तारेतून करंट जाऊन कोंब कापला जायचा, आणि कापता कापताच रक्तवाहिन्यांची तोंडं भाजून बंद व्हायची. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

पण त्या तीन-चार सेकंदांत सगळी भिस्त सिस्टरच्या हातावर. झटकन आवळलं, तर करंट लागायच्या आतच तार आरपार जाणार आणि रक्ताची धार लागणार. रेंगाळत आवळलं, तर करंट तिथेच घुटमळणार आणि खालची भिंत भाजणार. आतड्याची भिंत ती केवढी! उजव्या बाजूला तर भिजलेल्या कागदाइतकी. फासात नुसता कोंब आलाय की त्याच्याबरोबर भिंतीचा खालचा थरही ओढला गेलाय, हे पडद्यावर धड दिसत नाही. ते हाताला कळतं. कोंब स्पंजासारखा दबतो, भिंत रबरासारखी अडून बसते. पेडल दाबण्याआधी डॉक्टर दर वेळी विचारायचे, "कसं लागतंय?" सिस्टर म्हणाली "ठीक," की पाय खाली जायचा. ती म्हणाली "सोडू या," तर डॉक्टर एका शब्दाने वाद न घालता फास सोडायला सांगायचे.

"माझा पाय आणि सिस्टरचा अंगठा, बाकी सगळी सजावट," असं ते शिकायला आलेल्या पोरांना सांगायचे. रंगात असले की म्हणायचे, "आमच्या सिस्टर अंगठाबहाद्दर!" नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आलेली ती बाई, पण या थट्टेचा तिला कधी राग आला नाही. उलट घरी जाऊन ती नवऱ्याला सांगायची. त्या खोलीबाहेर तिचं असं कौतुक दुसरं कोणी करत नव्हतं.

आधी बधिर झालं ते अंगठ्याचं टोक. मग पहिलं बोट, मग मधलं. पहाटे मुंग्या येऊन ती जागी व्हायची आणि पलंगाच्या कडेला बसून हात झटकत राहायची. युनिफॉर्मची बटणं लावताना आरशात बघावं लागायला लागलं. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. कप सुटला हे तिला आवाज झाल्यावर कळलं.

नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. त्याचं पोट हातावर, त्यामुळे हाताचं दुखणं त्याला लगेच समजायचं. काचा गोळा करता करता तो म्हणाला, "दाखव की कुणाला तरी. दिवसभर डॉक्टरांच्यात वावरतेस आणि स्वतःचा हात दाखवायला वेळ नाही?"

"मनगटातली शीर दबलीय. मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग ऑपरेशन. आणि पुढे सहा आठवडे घरी."

"राहा की घरी. दवाखाना काय बुडतोय?"

तिने फडकं घेऊन सांडलेला चहा पुसायला घेतला. तपासणीची यादी अडीच महिने पुढे गेली होती, हे खरंच होतं. पण एवढंच नव्हतं. मागे ती आजारी पडली तेव्हा तिच्या जागी दोन नर्सेसना उभं करून पाहिलं होतं, आणि डॉक्टरांनी दोघींना आठवड्याच्या आत परत पाठवलं होतं. तिसरीला ते परत पाठवणार नाहीत, अशी तिला भीती होती.

मग तिने स्वतःपुरती युक्ती काढली. प्रत्येक नवा फास हातात आला की तो रिकामा आवळून बघायचा आणि मूठ जिथे थांबते तिथे दांड्यावर पेनाने रेघ मारायची. कोंब फासात आला की मूठ रेघेच्या किती अलीकडे अडते, ते डोळ्यांनी पाहायचं. अंतर थोडं असलं तर म्हणायचं "ठीक," जास्त असलं तर "सोडू या." रेघ मारायची रीत चांगलीच होती, मारणारे पुष्कळ जण मारतात. फक्त ते रेघही बघतात आणि हातालाही विचारतात. सिस्टरकडे आता नुसती रेघ उरली होती. असे दोन महिने गेले आणि काही बिघडलं नाही. बिघडत नाही म्हटल्यावर तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

ड्रायव्हरकाका आले ते सोमवारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस, वय अडुसष्ट, अंगापिंडाने दणकट. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. बरोबर मुलगी होती, ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. काकांच्या उजव्या बाजूच्या आतड्यात एक पसरट कोंब सापडला होता. आज नाही, पण पाच-सहा वर्षांत त्याचा कॅन्सर झाला असता. म्हणून तो काढायचा.

सिस्टरने त्यांच्या मांडीला करंटची प्लेट चिकटवली. काकांची नजर खोलीभर फिरत होती.

"बाई, डॉक्टरांच्या पायाशी ते काय आहे?"

"पेडल. पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नसतो काका. पाय उचलला की थांबतं."

"म्हणजे नुसता ॲक्सिलरेटर! आणि परवाना देतात यांना?"

डॉक्टरही हसले. सुई टोचताना काका मुलीबद्दल सांगत होते. ती फार काळजी करते, कालपासून जेवली नाही, बाहेर बसलीये, तिला आधी चहा पाजा. बोलता बोलताच त्यांची जीभ जड झाली आणि डोळे मिटले.

कोंब मोठा होता. डॉक्टरांनी त्याच्याखाली निळं पाणी टोचून तो भिंतीपासून वर उचलला. पहिला तुकडा नीट निघाला, दुसराही. तिसरा कडेचा होता. तिथे पाणी ओसरायला लागलं होतं आणि कोंब पुन्हा भिंतीला टेकत होता. डॉक्टरांनी फास टाकला आणि सिस्टरने आवळला.

"कसं लागतंय?"

तिने रेघ पाहिली. मूठ रेघेपासून थोडी लांब होती. फार नाही आणि कमीही नाही, ज्यातून काहीच ठरवता येत नाही अशी. तिने अंगठ्याला विचारून पाहिलं. अंगठ्याकडे काही उत्तर नव्हतं, जाड हातमोज्यातून भिंत चाचपावी तसं. या जागी सहा महिन्यांपूर्वीची ती असती तर म्हणाली असती, सोडू या, पुन्हा पाणी टोचा. आताही म्हणता आलं असतं. पण त्या सकाळी ती आधीच दोनदा "सोडू या" म्हणाली होती, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं होतं.

"ठीक," ती म्हणाली.

मशीन वाजलं. ती मूठ ओढत होती, पण किती ओढली जातेय ते तिला कळत नव्हतं. रेघेकडे बघून ती अंदाजाने ओढत राहिली. तीन-चार सेकंदांचं काम सात-आठ सेकंद चाललं, तेव्हा कुठे तुकडा सुटला. खालची जागा निळी दिसायला हवी होती. मधोमध ती पांढरट दिसत होती.

"जरा जास्त भाजलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिथे तीन क्लिपा लावल्या, जागा पुन्हा पुन्हा धुऊन पाहिली आणि रात्रभर काकांना ठेवून घेतलं. सकाळी पोट मऊ होतं, ताप नव्हता. घरी जाताना काका सिस्टरला म्हणाले, "बरं चालवता तुम्ही दोघं. धक्का म्हणून बसला नाही."

बुधवारी दुपारी मुलीने त्यांना रिक्षात घालून आणलं. पोट फळीसारखं कडक झालं होतं. भाजलेली जागा आतून फाटली होती आणि आतड्यातली घाण पोटात पसरली होती. संध्याकाळी पोट उघडून आतड्याचा तो भाग काढून टाकला. उरलेलं टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावली.

तो आठवडा सिस्टरने एकाच आशेवर काढला. मशीन बिघडलेलं असावं. करंट जास्त जात असेल, पेडल अडकत असेल, प्लेट नीट चिकटली नसेल, काहीही. असं काही झालं की मशीन तपासायचा नियमच होता. मशीनवाला आपली पेटी घेऊन आला, तेव्हा ती सगळी कामं टाकून त्याच्यापाशी उभी राहिली. त्याने तारा जोडल्या, पेडल दाबलं, आकडे वहीत उतरवले. पिवळं झालं, निळं झालं. मांडीची प्लेट अर्धी सोडवून पाहिली, तर मशीनने लगेच आरडाओरडा करून करंट बंद केला.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"काही नाही. झकास आहे."

"पुन्हा एकदा बघा ना. कधी कधी मध्येच जास्त जात असेल."

"सिस्टर, दहा वेळा बघितलं. माझ्या हाताखालचं सगळ्यात शहाणं मशीन आहे हे." त्याने पेटी बंद केली. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, मशीन चांगलं निघालं म्हणून बाईला हायसं वाटलं असेल. "काळजी सोडा आता," तो म्हणाला.

त्या दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"सर, माझ्या हाताला कळत नाही. अंगठा आणि दोन बोटं. पाच महिने झाले. काकांच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा मला काहीच लागत नव्हतं. मी ठीक म्हटलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पाच महिन्यांचं नाही, पण दीड महिना तरी दिसत होतं. एकवीस वर्षं तुम्ही पडद्याकडे बघून दांडा ओढलात. आता दांड्याकडे बघून ओढायला लागलात. मला दिसणार नाही का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला का नाहीत?"

दोघांकडेही उत्तर होतं आणि ते एकच होतं. एकमेकांशिवाय दोघांचंही चाललं नसतं. चष्मा पुन्हा लावून डॉक्टर म्हणाले, "हजारात एकदोघांचं असं होतं. सगळं नीट करूनही होतं. त्यांनी सही केलेल्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. हे तसंच झालं नसेल, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. आधी माणूस वाचू दे."

माणूस वाचू दे, हे तिलाही पटलं. रोज ड्यूटी संपली की ती अतिदक्षता विभागात जायची. बाहेरच्या बाकावर मुलगी बसलेली असायची. सिस्टर दिसली की उठून तिचा हात धरायची. सुन्न पडलेला उजवा हात. "तुम्ही रोज येता," मुलगी म्हणायची, "कोण करतं हो एवढं?" सिस्टर रोज ठरवून यायची की आज सांगायचं, आणि रोज तशीच परत जायची.

सहाव्या दिवशी काका थोडे शुद्धीवर होते. नाकातोंडात नळ्या, ओठ सोललेले. तिला पाहून त्यांनी पापण्या हलवल्या. ती वाकली.

"पंक्चर झाली की हो गाडी," ते कसंबसं म्हणाले. मग थोडं थांबून, "स्टेपनी आहे का?"

तिला हसायचं होतं, कारण त्यांना तेच हवं होतं. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, डावा.

नवव्या दिवशी लघवी थांबली. बाराव्या दिवशी दुपारी जेवणाच्या गाड्या वॉर्डातून फिरत असताना काका गेले.

चौकशी होऊन अहवाल आला. मशीन निर्दोष, पद्धत योग्य, ज्ञात गुंतागुंत. खाली डॉक्टरांची सही होती आणि सिस्टरचीही होती. ती करताना पेन तिने मुठीत धरलं होतं.

महिना गेल्यावर एका रविवारी ती मुलीच्या घरी गेली. तिसरा मजला. मुलीने दार उघडलं आणि तिला पाहून तिचे डोळे भरून आले. "या ना, आत या. मी चहा टाकते." सिस्टरने तिला चहा टाकू दिला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तिने पहिल्यापासून सांगितलं. हात, रेघ, तिसरा तुकडा, "ठीक." डॉक्टरांना ठाऊक होतं तेही सांगितलं. मग पर्समधून दोन पानं काढून टेबलावर ठेवली.

"मी सगळं लिहून सही केलीये. तुम्ही तक्रार करा. मी नाही म्हणणार नाही."

मुलीने पानं वाचली, अगदी सावकाश. वाचून झाल्यावर त्यांच्या कडा जुळवून तिने ती पुन्हा टेबलावर ठेवली.

"मी लोकांना सांगत होते, हजारात एखाद्याचं होतं म्हणे, आमचं नशीब," ती म्हणाली. "रोज सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. गेल्या आठवड्यापासून मला झोप लागायला लागली होती."

सिस्टरने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"हे तुम्ही ते होते तेव्हा का नाही सांगितलंत? बाकावर रोज माझ्याशेजारी बसत होतात."

"धीर झाला नाही."

"आणि आता झाला." मुलगी उठून खिडकीशी गेली. तिकडे तोंड करूनच बोलत राहिली. "तक्रार केली की तुम्हाला शिक्षा होईल. शिक्षा झाली की तुमचं ओझं उतरेल. माझं काय? मी काय करू आता याचं? बाबांना म्हटलं होतं, काढून टाका तो कोंब, पाच मिनिटांचं काम आहे, उगाच घाबरता. ते तयारच नव्हते. मी तयार केलं त्यांना."

"तुमची काही चूक नाही."

"हे तुम्ही मला सांगू नका," मुलगी म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता. "कागद घेऊन जा तुमचे."

सिस्टरने पानं उचलायचा प्रयत्न केला. गुळगुळीत टेबलावरून ती बोटांना येईनात. दोनदा प्रयत्न केल्यावर तिने ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली आणि डाव्या हाताने पर्समध्ये टाकली. मुलगी वळून ते बघत होती. पुढे झाली नाही, आणि सिस्टरनेही तिने पुढे व्हावं अशी अपेक्षा केली नाही. जिने उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण इथे काहीतरी ठेवून जायला आलो होतो, आणि ते ठेवलं गेलंय. पण आपल्याकडचं त्यामुळे रतीभरही कमी झालेलं नाही.

मनगटाचं ऑपरेशन वीस मिनिटांचं निघालं. तळहातावर दोन बोटं लांबीची चीर, बस्स. तिसऱ्या आठवड्यात भाजी निवडताना अंगठ्याला देठाची कड टोचली आणि ती दचकली. पुढे रोज थोडं थोडं परत येत गेलं. आधी गरम-गार, मग कापडाचा पोत, मग केस. नवरा खूश झाला. त्याने शेजाऱ्यांनाही सांगितलं. "बघ, इतकंच होतं," तो तिला म्हणाला, आणि ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

डॉक्टरांनी तिला परत बोलावलं. तिसरी नर्स त्यांनी परत पाठवली होती. पहिल्याच दिवशी एका बाईचा कोंब होता, सोपा, देठावरचा. फास पडला आणि तिने आवळला. सगळं कळत होतं. स्पंजासारखं दबलं, खालचा देठ गोल लागला, तारेचा बारीक ताणसुद्धा जाणवला. "कसं लागतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "ठीक," ती म्हणाली. मशीन वाजलं, तिने मूठ ओढली, तीन सेकंदांत तुकडा सुटला. जागा स्वच्छ होती, रक्ताचा थेंब नव्हता.

"वा!" डॉक्टर म्हणाले. खोलीतले सगळे मोकळे झाले. कोणीतरी हसलंही.

सिस्टरने दांडा ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि पेशंटला वॉर्डात पोचवेपर्यंत सगळं काम रीतसर केलं. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन अर्ज लिहिला. मला कपड्यांच्या कोठारात बदली द्यावी. डॉक्टरांनी तो वाचला आणि ते भडकले. "हात पहिल्यासारखा झालाय तुमचा! एवढी चांगली माणसं मिळतात कुठे? त्या एका गोष्टीपायी तुम्ही..."  ते पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशातच होतं. ते सापडेपर्यंत ती उभी राहिली, आणि त्यांनी सही केली.

कोठार तळघरात आहे. धुऊन आलेल्या चादरी, गाऊन आणि टॉवेल मोजून वरच्या मजल्यांवर पाठवायचे, एवढंच काम. तिथे कोणी तिला काही विचारत नाही. चादर हातात घेतली की कुठे विरलीये, कुठे खळ जास्त झालीये, ते तिला न बघता कळतं. फाटायच्या बेतात आलेल्या चादरी ती वेगळ्या काढते. दिवसभरात साताठ निघतात.

घरी आल्यावर नवरा कधी कधी विचारतो, "आज हात कसा आहे?"

"बरा आहे," ती सांगते. आणि तो खरोखरच बरा असतो.